बरकतपेटी आणि ठोकठोक गल्ली

नगरपालिकेच्या सभागृहात त्या सकाळी मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती, मधल्या वाटेत माणसं बसली होती आणि बसलेल्यांच्या मांडीवर त्यांचे शेजारी बसले होते. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या एका काळ्या पेटीवर खिळल्या होत्या.

पेटीशेजारी करड्या सुटातले एक गृहस्थ उभे होते. कागदोपत्री ते प्रादेशिक विकास सल्लागार होते. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून गावाने त्यांना बरकतसाहेब करून टाकलं होतं आणि त्यांनीही ते आनंदाने करून घेतलं होतं.

"मंडळी," बरकतसाहेब म्हणाले आणि खिशातून बोटाएवढी लाकडी बाहुली काढून त्यांनी वर धरली. बाहुलीच्या हातात इवलीशी बॅग होती. "हे काय आहे?"

"बाहुली," पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"चूक. ही नोकरी आहे."

सभागृह ओशाळलं.

"ही एक, फक्त एक नोकरी मी तुमच्या गावात टाकतो." त्यांनी पेटीच्या झाकणातल्या फटीतून बाहुली आत सोडली, पेटीतला दिवा लावला आणि समोरच्या भोकाकडे बोट दाखवलं. "या आता. बघा आणि मोजा."

पहिला मान नगराध्यक्षांचा. ते वाकले, एक डोळा मिटून दुसरा भोकाला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा नुकतंच नातवंड पाहिल्यासारखा झाला होता.

"सहा," ते म्हणाले. "सहा आहेत आत. गोल करून उभ्या आहेत."

"टाकली एक, झाल्या सहा," बरकतसाहेब म्हणाले. "याला आमच्या शास्त्रात गुणक म्हणतात. नोकरीला चहा लागतो. चहावाल्याला कप लागतात. कपवाल्याचे केस वाढतात. न्हाव्याला कात्री लागते. नोकरी कधी एकटी येत नाही मंडळी, सगळं खटलं बरोबर घेऊन येते."

मग रांग लागली. एका आजोबांनी आत डोकावून, यातली आपल्या मुलाची नोकरी कुठली, असं विचारून घेतलं. साहेबांनी 'डावीकडून तिसरी' म्हणून सांगितलं आणि आजोबा तेवढ्यावर समाधानाने खाली उतरले.

रांगेत दातांच्या डॉक्टरबाईही होत्या. बाजारातल्या जिन्यावरचा दवाखाना त्यांचाच. निम्म्या गावाचे जबडे त्यांनी आतून पाहिलेले होते, त्यामुळे माणसं मोठमोठ्याने काही बोलू लागली की त्यांचं लक्ष आपोआप दाढांकडे जाई. त्या इथे आल्या होत्या त्या मोठ्या भावासाठी. दादाचा खुर्च्यांचा कारखाना गावातल्या ठोकठोक गल्लीत होता आणि बरकतसाहेबांच्या योजनेत ती गल्ली पाडायची होती.

ठोकठोक गल्ली हे नाव कोणी दिलं नव्हतं, ते आवाजाने पडलं होतं. खुर्च्यावाला, बेकरीवाला, छापखाना, पत्र्याच्या पेट्या करणारे, गाद्या भरणारे, पंप दुरुस्त करणारे, असे सगळे एकमेकांना चिकटून बसलेले. छपरं काळवंडलेली, भिंतींना पोपडे, जमिनीवर भुसा. दिसायला अगदीच गबाळी. त्या जागी काचेचं उत्कर्ष संकुल उभं राहणार होतं. जमीन फुकट, पाणी फुकट, कर माफ, आणि एवढं दिलं की बाहेरून मोठी कंपनी येणार.

"कुठली कंपनी?" डॉक्टरबाईंनी रांगेतूनच विचारलं.

"ताई, नाव घेतलं की कंपनी भाव खाते," बरकतसाहेब म्हणाले. "आधी इमारत. कंपन्या इमारतीच्या वासाने येतात."

"आणि गल्लीतले कारखाने?"

"त्यांना संकुलात सामावून घेऊ. सुधारित स्वरूपात."

डॉक्टरबाईंचा नंबर लागला. त्यांनी भोकाला डोळा लावला. आत सहा बाहुल्या होत्या खऱ्या. पण डॉक्टरबाई दिवसभर इवल्याशा आरशात बघून दाढा कोरत. आरशातलं डावं-उजवं त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. एका बाहुलीच्या उजव्या हातात बॅग होती, तिच्या शेजारणीच्या डाव्या हातात, तिच्या शेजारणीच्या पुन्हा उजव्या. त्या हसल्या आणि काही न बोलता खाली उतरल्या, कारण मागून कोणीतरी 'आवरा हो, आम्हालाही नोकऱ्या बघू द्या' म्हणून ढकलत होतं.

त्याच दुपारी त्या दवाखान्यातले दोन चौकोनी आरसे घेऊन दादाच्या कारखान्यात गेल्या. दादा लेथवर खुर्चीचा पाय उतरवत होता. वहिनी वेताची बैठक विणत होती. डॉक्टरबाईंनी दोन्ही आरसे टेबलावर कडेला कड लावून कोनात उभे केले आणि मध्ये एक लाकडी खुंटी ठेवली.

"बघ दादा. किती दिसतात?"

दादा वाकला. त्याने मोजल्या. "सहा."

"हीच तुझी बरकतपेटी. आत दोन आरसे आहेत. बाहुली एकच."

वहिनीने हात थांबवून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. दादा मात्र हसला नाही. त्याने खुंटी उचलली, परत ठेवली, आरसे थोडे उघडून पाहिले. खुंट्या कमी झाल्या. मिटवत आणले, वाढल्या.

"अगं, मग त्यात वाईट काय झालं?" तो म्हणाला. "तू पोरांना दात घासायला शिकवताना प्लास्टरचा जबडा दाखवतेस. तो कुठे खरा असतो? साहेबांनी समजावण्यासाठी आरसे लावले. म्हणून गुणक खोटा ठरतो का?"

दादाचं म्हणणं डॉक्टरबाईंना नाकारता येईना. पेटीतली युक्ती उघडी पडली म्हणून पेटीबाहेरची गोष्ट आपोआप खोटी होत नव्हती. ती वेगळी तपासायला हवी होती.

"पण तू एवढा उतावीळ का झालायस?" त्यांनी विचारलं.

दादाने लेथ बंद केला. "छोटे, इतकी वर्षं मी भुशात उभा आहे. लोक खुर्चीवर बसतात, खुर्ची कोणी केली ते विचारत नाहीत. कधीतरी वाटतं, आपल्या गावाचंही काहीतरी चकचकीत व्हावं. बाहेरच्या माणसाने येऊन म्हणावं, वा." त्याने लेथवरचा भुसा हाताने झाडला. "लेथला गिऱ्हाईक पाहून ठेवलंय मी."

वहिनीची मान वर झाली. तिला हे नवीन होतं.

गावातही काही वेगळं चाललं नव्हतं. आरशांची गोष्ट डॉक्टरबाईंनी ज्याला त्याला सांगितली आणि ज्याने त्याने 'हो का?' म्हणून ऐकून घेतली. मग गाव पुन्हा तयारीला लागलं. बेकरीवाल्याने येणाऱ्या कामगारांसाठी आतापासून दुप्पट पाव भाजायला घेतले. कामगार अजून आले नसल्याने ते पाव गल्लीतली कुत्री खात होती आणि इतकी सुटली होती की अनोळखी माणूस आला तर बसल्या जागेवरून भुंकत. बेकरीवाला याला सुरुवातीची गुंतवणूक म्हणे. न्हाव्याने 'विकासापूर्वीचे दर संपले' अशी पाटी लावली. निवृत्त पोस्टमनने कंपनीच्या साहेबांना भाड्याने देण्यासाठी आपलं घर रिकामं केलं आणि बायकोसकट जिन्याखालच्या खोलीत संसार थाटला. रोज सकाळी तो आपल्याच रिकाम्या घराची बेल वाजवून बघे, चालू आहे ना म्हणून.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात तर पेशंट दाढ दाखवून परत जाऊ लागले.

"किडली आहे, काढायला हवी," त्या सांगत.

"संकुल झालं की काढू. तेव्हा कंपनीतर्फे होईल."

"तोवर दुखेल ना."

"दुखेल. पण आशेवर आहे."

शेवटी डॉक्टरबाईंनी नगराध्यक्षांना गाठलं आणि सरळ विचारलं की, हे असं संकुल कुठे झालंय का, आणि झालं असेल तर दाखवा. नगराध्यक्ष खूश झाले. बरकतसाहेबांनी म्हणे तशी सहल आधीच ठरवली होती. पलीकडच्या जिल्ह्यात एक गाव होतं. तिथे संकुल उभं राहिलं होतं आणि गावाचा नुसता कायापालट झाला होता.

"डोळ्यांनी बघा आणि मग बोला," नगराध्यक्ष म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सहलीच्या दिवशी बसमध्ये सगळे ठेवणीतले कपडे घालून आले. दादाने लग्नातला सूट बाहेर काढला होता. बटणं लागत नव्हती म्हणून तो श्वास आत घेऊनच बसला होता. बरकतसाहेब दाराशी उभे राहून सूचना देत होते.

"तिथे पोचल्यावर रेंगाळायचं नाही. झपझप चालायचं. तिथली माणसं झपझप चालतात, आपण मागासलेले दिसता कामा नये. रिकाम्या हाताने फिरायचं नाही. प्रत्येकाने एक फाईल घ्या." मदतनिसाने फायली वाटल्या. त्या कोऱ्या होत्या. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिथल्या लोकांशी बोलायचं नाही."

"का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ते कामात असतात, ताई. एकाला थांबवलं की विकासाचा दर घसरतो."

बसमधल्यांनी माना डोलावल्या. परक्या गावाचा दर आपल्यामुळे घसरावा, असं कोणालाच वाटत नव्हतं.

संकुल खरंच डोळे दिपवणारं होतं. काचेची उंच भिंत, आत थंडगार हवा, मधोमध सरकता जिना. आणि माणसं किती. चांगल्या कपड्यांतली, हातात फायली घेतलेली, एकमेकांकडे न बघता झपझप चालणारी माणसं. जिन्याने वर जात होती, दुसऱ्या जिन्याने खाली येत होती, कोपऱ्यावर वळत होती, पुन्हा वर जात होती. कोणी रेंगाळत नव्हतं, कोणी गप्पा मारत नव्हतं.

दादा खांबाला टेकून उभा राहिला. त्याचा आत घेतलेला श्वास सुटला आणि सुटाचं एक बटण तटकन उडून गेलं. त्याचं लक्ष नव्हतं.

"बघ छोटे," तो म्हणाला, "बघ कशी कामाला जुंपलीयत माणसं. आणि आपण."

डॉक्टरबाईंनाही क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं की काय. गर्दी खोटी नव्हती. इथे आरसे नव्हते. हाडामांसाची माणसं होती आणि त्यांच्या अंगाला घामाचा वास येत होता.

दादा झपझप चालत गर्दीत मिसळला. डॉक्टरबाई चालू लागल्या, पण जिन्यापाशी त्यांचे पाय अडले. एक गृहस्थ फाईल गालाला लावून उभे होते. गाल टम्म फुगलेला, डोळ्यांत पाणी. असा गाल दिसल्यावर पुढे जाणं डॉक्टरबाईंच्या स्वभावातच नव्हतं.

"सूज कधीपासून आहे?"

गृहस्थांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "बोलू नका. दर घसरेल."

"कुणाचा?"

"तुमचा. तुम्हाला कामातून थांबवायचं नाही, असं पेटीवाल्या साहेबांनी बजावलंय आम्हाला."

"मी कुठे कामात आहे?"

"तुम्ही इथल्या ना?"

"छे. आम्ही सहलीला आलोय. इथले तुम्ही."

गृहस्थांनी गालावरची फाईल खाली घेतली. "मी? मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे, आमचं गाव नदीपलीकडे. आमचीही सहलच आलीय." मग त्यांनी हळूच सभोवार बोट फिरवलं. "पण मग ही सगळी?"

डॉक्टरबाईंनी शेजारून झपझप जाणाऱ्या एका बाईंना हाताला धरून थांबवलं आणि विचारलं. बाई मुख्याध्यापकांच्या गावच्या निघाल्या. पुढचा माणूस तिसऱ्याच गावचा. त्यापुढचा डॉक्टरबाईंच्याच गावचा न्हावी होता. तो सुटात असल्यामुळे त्यांना ओळखू आला नव्हता आणि डॉक्टरबाई फाईल घेऊन चालत असल्यामुळे त्यालाही त्या ओळखू आल्या नव्हत्या. तीन गावांची माणसं सकाळपासून एकमेकांना संकुलातली बरकत समजून बघत होती आणि लाजून आपला वेग वाढवत होती.

"म्हणजे," मुख्याध्यापक सुजलेल्या तोंडाने म्हणाले, "आम्ही तुमच्याकडे बघून इतका वेळ हळहळत होतो?"

"आम्हीही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

या गावचं असं माणूस शोधायला दोघांना बरंच फिरावं लागलं. शेवटी बिस्किटांच्या काउंटरमागे एकजण सापडला. आधी त्याची मागच्या रस्त्याला स्वतःची भट्टी होती. संकुलासाठी तो रस्ता पाडला. इथे भट्टीला परवानगी नाही, म्हणून आता तो बाहेरून आलेले पुडे विकतो. भट्टीवरची माणसं दुसरीकडे पांगली.

"आणि तुमची ही नोकरी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नवीन निर्माण झालेल्यांत धरलीय," तो म्हणाला. "सत्कारही झाला माझा."

"आणि कंपनी?"

"येणार आहे. कर माफ केलाय ना तिला. तो भरून काढायला आमचा वाढवला." त्याने मुख्याध्यापकांच्या गालाकडे पाहिलं. "बिस्कीट देऊ का? मऊ आहेत, सादळलीयत."

परत जिन्याकडे येताना मुख्याध्यापकांनी सहज म्हणून सांगितलं, "पण आमच्या साहेबांनी अजून एक ठिकाण दाखवायचं कबूल केलंय. पुढच्या आठवड्यात. तिथे म्हणे योजना नुसती जाहीर झाली आणि एक ओसाड गल्ली उद्योगांनी भरून गेली. कुत्रीसुद्धा धष्टपुष्ट आहेत. एक सुतार तर असा आहे की योजनेआधी त्याच्याकडे साधी पटाशी नव्हती, आता खुर्च्यांचा कारखाना आहे."

डॉक्टरबाई थांबल्या. त्यांनी गल्ली कुठे आहे ते विचारलं. मुख्याध्यापकांनी डॉक्टरबाईंच्याच गावचं नाव सांगितलं.

दादा वरच्या मजल्यावर काचेला टेकून उभा होता. डॉक्टरबाईंनी त्याला सगळं सांगितलं. गर्दीचं सांगितलं, भट्टीवाल्याचं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर तेच, मग काय झालं, असं होतं. मग त्यांनी सुताराचं सांगितलं.

"कुठला सुतार?" दादाने विचारलं.

"तू."

"माझ्याकडे पटाशी नव्हती?"

"असं सांगतायत ते."

दादा कितीतरी वेळ खाली फिरणाऱ्या माणसांकडे बघत राहिला. बाबा गेले तेव्हा तो शाळेत होता. पहिल्या खुर्च्या त्याने डोक्यावर घेऊन दारोदार विकल्या होत्या. त्याच पैशांतून बहीण डॉक्टर झाली होती. हे तो कधी बोलून दाखवत नसे. त्याने फक्त हातातली कोरी फाईल उघडली, आत पाहिलं आणि मिटून कठड्यावर ठेवून दिली.

"चल," तो म्हणाला. "मला हळू चालायचंय."

पुढच्या आठवड्यात नदीपलीकडची बस ठोकठोक गल्लीच्या तोंडाशी थांबली. इथल्या गावकऱ्यांना बरकतसाहेबांनी घरात बसायला सांगितलं होतं, पण त्या दिवशी सगळं गाव गल्लीत उभं होतं. नगराध्यक्ष तेवढे कोपऱ्यात अर्धवट दडून होते. कुठल्या बाजूला उभं राहावं, ते त्यांचं ठरलं नव्हतं.

पाहुणे फायली घेऊन उतरले. मुख्याध्यापक सर्वांत मागे होते, कारण त्यांच्या तोंडात आता बोलण्याइतकी जागा उरली नव्हती.

"बघा," बरकतसाहेबांनी हात पसरले. "काही महिन्यांपूर्वी इथे कुसळही उगवत नव्हतं. आम्ही नुसती घोषणा केली. घोषणेने विश्वास आला, विश्वासाने गुंतवणूक आली. हा बघा सुतार. याच्याकडे पटाशीसुद्धा—"

दादाने लेथ बंद केला आणि बाहेर आला. अंगावर भुसा होता.

"साहेब, ही पटाशी माझ्या बाबांची," तो म्हणाला. "मूठ मी बदलली. पातं तेच आहे. हा लेथ घेतला तेव्हा माझी बहीण कॉलेजात होती. तुमची घोषणा कधीची?"

पाहुणे फायली खाली घेऊन बरकतसाहेबांकडे वळले.

बरकतसाहेब मुळीच डगमगले नाहीत. "याला शास्त्रात आगाऊ परिणाम म्हणतात," ते म्हणाले. "बाजार भविष्य ओळखतो. योजना येणार, हे या गल्लीने वीस वर्षांपूर्वीच ओळखलं आणि कामाला लागली."

पाहुण्यांपैकी काहींनी माना डोलावल्याही. सवय लागली होती.

"आणि हीच गल्ली तुम्ही पाडणार?" वहिनीने विचारलं. ती कधी चारचौघांत बोलत नसे. वेत अजून तिच्या हातातच होता.

"सुधारण्यासाठी, वहिनी."

"पाडल्यावर मग पुढच्या गावाला काय दाखवाल?"

बरकतसाहेबांनी उत्तर शोधायला तोंड उघडलं. डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की त्यांच्या मागच्या दोन्ही दाढा सोन्याच्या आहेत.

मग डॉक्टरबाई पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही गावांच्या लोकांना सगळी युक्ती उलगडून सांगितली. पेटीत दोन आरसे होते, संकुलात तीन गावं होती. पेटीत एक बाहुली सहा वेळा मोजली, संकुलात प्रत्येक गावाने दुसऱ्याला मोजलं. भट्टीवाल्याची नोकरी इथून उचलून तिथे ठेवली आणि ठेवताना मोजली, उचलताना मोजली नाही.

"मग बाहेरून कोणी येऊच नये का?" पोस्टमनने विचारलं. त्याच्या पाठीला जिन्याखाली झोपून बाक आला होता.

"यावं की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "येणाऱ्याने काम आणलं तर स्वागतच करू. गुणकही अगदीच थाप नाही. बाहेरून पैसा आला तर चहावाल्याचा धंदा वाढतोच. पण साहेबांनी बेरीज दाखवली, वजाबाकी दाखवली नाही. आज या गल्लीतली माणसं चहा पीत नाहीत का? यांचे केस वाढत नाहीत का? गल्ली मोडली तर यांच्या मागचं खटलं कुठे जाईल, ते कोणत्या पेटीत दिसतं? आणि फुकट जमिनीसाठी जो येतो, त्याला उद्या शेजारच्या गावाने फुकट जमीन आणि वर फुकट वीज दिली, तर तो इथे का थांबेल?"

मग नगराध्यक्ष कोपऱ्यातून पुढे आले. त्यांचं ठरलं होतं असं नाही, पण गर्दी कुठे झुकलीय ते त्यांना वासावर कळे.

"बरं," ते दादाला म्हणाले, "मग तुम्हाला हवंय तरी काय नगरपालिकेकडून?"

दादा गोंधळला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं, बेकरीवाल्याने छापखान्याकडे.

"गल्लीच्या तोंडाशी ट्रक वळत नाही," दादा शेवटी म्हणाला. "नगरपालिकेच्या जुन्या गोदामाचा कोपरा आडवा येतो. माल डोक्यावरून न्यावा लागतो. तेवढा कोपरा पाडला तर बरं होईल."

"बस्स?"

"आणि गटार तुंबतं."

नगराध्यक्षांची निराशा लपली नाही. कोपऱ्याचं उद्घाटन कसं करणार?

नगरपालिकेची सभा वादळी झाली. संकुल हवंच म्हणणारे बरेच होते. त्यांत न्हावी होता, कारण पाटी रंगवायला त्याला खर्च आला होता. योजना रद्द झाली ती अगदी काठावर. ज्या आजोबांना मुलाची नोकरी पेटीत दिसली होती, ते ऐनवेळी उठून म्हणाले, की मुलाला ती आतून बाहेर कशी काढायची ते साहेबांनी अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर हात वर झाले.

बरकतसाहेब पेटी उचलून पुढच्या जिल्ह्यात गेले. ते तुरुंगात गेले नाहीत, त्यांना कोणी मारलंही नाही. त्यांनी कायदा मोडला नव्हता. त्यांनी फक्त लोकांना आधीच वाटत होतं तेच पुन्हा दाखवलं होतं: जे मोठं ते चांगलं, जे बाहेरचं ते मोठं आणि जे आपलं ते गबाळं. तिकडेही त्यांचं सभागृह भरलं असेल.

मुख्याध्यापकांची दाढ डॉक्टरबाईंनी त्यांची बस गल्लीत आली त्याच दिवशी काढली होती. पोस्टमन आपल्या घरात राहायला गेला आणि बेकरीवाल्याने पाव निम्म्यावर आणले, त्यामुळे कुत्री काही दिवस फार नाराज होती. गोदामाचा कोपरा उन्हाळ्याआधी पाडला. पहिला ट्रक सरळ दादाच्या दारापर्यंत आला तेव्हा बघायला चारपाच माणसं होती आणि तीही माल उतरवायला आलेली. दादाने त्या महिन्यात आणखी दोन माणसं कामावर ठेवली. त्यांची गणती कोणी केली नाही, सत्कारही झाला नाही.

तेव्हा, तुमच्या गावातही कोणी पेटी घेऊन आला, तर त्याला हाकलू नका. नीट बसवा, चहा द्या आणि शांतपणे तीन गोष्टी विचारा. हे तुम्ही मोजलंत, ते आधी कुठे होतं? तुम्ही आला नसतात, तर इथे काय झालं असतं? आणि हे फुकट देताय, ते कोणाच्या खिशातून? चांगला माणूस असेल तर तो विचार करून उत्तर देईल, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगेल. जो चिडेल आणि म्हणेल की प्रश्न विचारल्याने दर घसरतो, त्याच्या हाती आपली गल्ली देऊ नका.